नोलन कळतो, पण आवडत नाही

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना लगेच चिडता येईल: ख्रिस्तोफर नोलनचे सिनेमे मला आवडत नाहीत. 'ओपनहायमर'ला ७ ऑस्कर मिळाली, त्यात दिग्दर्शनाचंही होतं, हे ठाऊक आहे. तरीही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'तुला कळला नसेल, परत बघ.' नोलनच्या बाबतीत ते जरा जास्तच येतं. कारण त्याच्या सिनेमात गुंता असतो, आणि तो सुटला की बघणाऱ्याला स्वतःचंच कौतुक वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. गुंता सुटल्यावर माझ्या हाती फारसं काही लागत नाही.

'इन्सेप्शन' घ्या, २०१० चा. स्वप्नात स्वप्न, त्याच्या आत आणखी एक, आणि जितकं खोल जाल तितका वेळ लांबत जातो. रचना जबरदस्त आहे, वादच नाही. पण त्यातली अ‍ॅरिअ‍ॅडनी आठवा. ती बहुतेक वेळ प्रश्न विचारते आणि नायक कॉब उत्तरं देतो. खरं तर ती उत्तरं आपल्यासाठी असतात, ती फक्त निमित्त. हुशार आहे, आर्किटेक्चर शिकते. याखेरीज तिच्याबद्दल काय सांगता येईल? व्हिडिओ थांबवा आणि सांगून बघा.

बायकांचं म्हणाल तर 'मेमेंटो', 'द प्रेस्टीज', 'इन्सेप्शन' या तिन्हींत नायकाला पळवतं ते बायको गेल्याचं दुःख. ती जिवंत असताना कशी होती, हे जेमतेम कळतं.

पण मला खरा राग येतो तो 'इंटरस्टेलर'चा, कारण त्यात एक प्रसंग अप्रतिम आहे. नायक कूपर मुलांना पृथ्वीवर सोडून अंतराळात गेलेला असतो, आणि पाण्याच्या त्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. कूपर यानात परततो तेव्हा २३ वर्षं उलटलेली असतात. तो बसतो आणि साचलेले व्हिडिओ संदेश बघू लागतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो, हळूहळू वाट बघणं सोडून देतो. मग मुलगी येते, बाप निघाला तेव्हा जेवढा होता तेवढ्याच वयाची झालेली. कूपर झालेला मॅथ्यू मॅकॉनहे नुसता रडतो. सापेक्षतेचा सिद्धांत कुणी समजावत नाही, गरजच नसते. कितीही वेळा बघा, घशात आवंढा येतो.

आणि मग थोड्याच वेळात अ‍ॅन हॅथवेचं पात्र, त्याच यानातली शास्त्रज्ञ, आपल्याला समजावून सांगतं की प्रेम ही काळ आणि अवकाश ओलांडणारी गोष्ट आहे. अहो, आत्ताच तर दिसलं! जे डोळ्यांनी पोचलं, ते पुन्हा तोंडाने कशाला? माझ्या मते नोलनला आपल्या प्रेक्षकावर विश्वास नाही. बुद्धीवर आहे, भावनेवर नाही.

'टेनेट'मध्ये काळ उलटाही वाहतो, आणि तिथे तर एक शास्त्रज्ञ नायकाला चक्क सांगते, समजून घ्यायचा प्रयत्न करू नकोस, अनुभव घे. घेतला असता हो! पण संवादच धड ऐकू येत नाहीत. नोलन शक्यतो नंतर स्टुडिओत डबिंग करून घेत नाही, सेटवरचा अभिनय जसाच्या तसा ठेवतो. हेतू चांगलाच आहे. पण त्यातली कॅट नावाची आई आपल्या मुलासाठी तळमळते आणि तो मुलगा पडद्यावर जेमतेम दिसतो, मग तळमळ आपल्यापर्यंत पोचणार कशी?

(आणि एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाला नावं ठेवणारी तू कोण, असं म्हणत असाल तर थोर रशियन दिग्दर्शक तारकॉव्हस्कीलाही दिग्दर्शक कुब्रिकचा गाजलेला '२००१: अ स्पेस ओडिसी' अनेक बाबतींत नकली वाटला होता. मी तारकॉव्हस्की नाही, हे मान्य.)

मग नोलनचं काहीच आवडत नाही का? आवडतं. 'मेमेंटो', २००० सालचा. त्याचा नायक लेनर्ड, त्याच्या लक्षात नवं काही राहत नाही, म्हणून रंगीत दृश्यं उलट क्रमाने येतात. आधी काय घडलं, हे त्याच्यासारखंच आपल्यालाही माहीत नसतं. समोरचा माणूस मित्र की शत्रू, हेही कळत नाही. तिथे रचना हीच त्या माणसाची अवस्था आहे, ती काढली तर लेनर्ड उरत नाही. 'टेनेट'मधून उलटा काळ काढा, त्या नायकाचं काय बदलेल? त्याला तर नावही दिलेलं नाही.