खाली विस्तव, वर विस्तव

नमस्कार, श्रोतेहो.

श्रावणात वाढदिवस येणारं मूल घरात असलं की काय पंचाईत होते, ते मला विचारा. मुलाला केक हवा. सासूबाईंचं म्हणणं, श्रावणात अंडं उंबऱ्याच्या आत नको. विकतचा बिनअंड्याचा केक मिळतो, पण त्यावरच्या क्रीमचा तुपकटपणा रात्रीपर्यंत टाळूला चिकटून राहतो. घरी करावा म्हटलं, तर तेव्हा आमच्याकडे ओव्हन नव्हता. मी तसं बोलून दाखवलं, तर सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “ओव्हन कशाला हवा गं? आमच्याकडे धोंडस काय ओव्हनात व्हायचं?”

सासूबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं. कोकणात या दिवसांत वेलावर हाताएवढाली तवशी लटकतात. तवसं म्हणजे मोठी, जून काकडी. ती किसायची, तांदळाचा रवा आणि गूळ घालून शिजवायची, मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचं आणि पातेलं चुलीवर मंद विस्तवावर ठेवायचं. झाकणावर निखारे. खालून विस्तव, वरून विस्तव. तासाभरात वरून तांबूस, आतून मऊ असं धोंडस तयार. गोव्यात हेच तवसळी म्हणून होतं. आता मला सांगा, हा केक नाही तर काय आहे?

आणि हे एकट्या कोकणाचंच नाही. विदर्भ-मराठवाड्यात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, खानदेशात वरणाबरोबर बट्टी असते. सीकेपी घरांत कोबीचं भानोलं होतं. आपण ‘बेकिंग’ म्हटलं की बिचकतो, कारण शब्द नवा आहे. काम जुनंच आहे. पदार्थाला चहूबाजूंनी कोरडी, सारखी आच द्यायची, एवढंच.

ती आच गॅसवर कशी मिळवायची? जुनी, जाड बुडाची कढई घ्या. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर एक स्टँड ठेवा, ताटाचं घट्ट झाकण घाला आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मीठ हळूहळू तापतं आणि आच एकसारखी देतं. बरेच जण हे कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून करतात. मी करत नाही. कुकर पाण्याशिवाय तापवायचं भांडंच नव्हे. चांगला कुकर कशाला बिघडवा?

आता रव्याचा केक. माझा पहिला केक म्हणजे वीट होती. अक्षरशः. का झाली, ते सांगते, कारण त्या विटेनं मला जे शिकवलं ते पाककृतीच्या वहीत नव्हतं. मी रवा, दही, साखर, सोडा सगळं एकदम कालवलं आणि रवा भिजावा म्हणून तासभर झाकून ठेवलं. खायचा सोडा दह्याच्या आंबटपणाला भेटला की लगेच त्याचा वायू सुटायला लागतो. त्याच बुडबुड्यांनी केक फुगतो. माझे बुडबुडे तासाभरात पातेल्यातच विरून गेले. कढईत गेलं ते नुसतं गोड पीठ.

म्हणून क्रम सांभाळा. एक वाटी बारीक रवा, एक वाटी ताजं पण जरासं आंबट दही, पाऊण वाटी पिठीसाखर, पाव वाटी पातळ केलेलं तूप किंवा वास नसलेलं तेल. वाटी एकच ठेवा, कुठली का असेना. हे कालवून अर्धा तास झाका. रवा दही पिऊन घट्ट होईल. मग लागेल तसं दूध घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा. वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. टूटीफ्रूटी हवी तर थोड्या कोरड्या रव्यात घोळवून घाला, म्हणजे तळाशी बसत नाही. (ती कच्च्या पपईची असते, हे कळल्यापासून आमच्या चिरंजीवांचा तिच्यातला रस उडाला आहे.)

इकडे कढई तापलेली असू द्या, डब्याला तूप लावून पीठ भुरभुरलेलं असू द्या. सगळं तयार झालं, की अगदी शेवटी अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घाला. चमचा म्हणजे चहाचा, पोह्यांचा नव्हे. सोडा जास्त झाला तर केक साबणासारखा लागतो. हलक्या हातानं ढवळा, डबा अर्ध्याच्या थोडा वरपर्यंत भरा आणि लगेच कढईत ठेवा.

मंद ते मध्यम आच, पस्तीस-चाळीस मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. मुलं कितीही मागे लागली तरी नाही. आतले बुडबुडे भोवतालचं पीठ शिजून घट्ट होईपर्यंत कच्चेच असतात. गार वारा लागला की मधोमध खड्डा पडतो. नंतर सुरी टोचून पाहा. कोरडी बाहेर आली की झालं. ओव्हन असेल तर 180 अंशांवर तेवढाच वेळ. कढईतल्या केकचा वरचा भाग जरा फिका राहतो, कारण आपण झाकणावर निखारे ठेवत नाही. मी केक उलटा काढते आणि तांबूस बाजू वर ठेवते. आजवर कुणी विचारलेलं नाही.

तिखट खाणाऱ्यांसाठी भानोलं. यात सोड्याची भानगड नाही. दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, मूठभर कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं. मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. कोबीला पाणी सुटतं, त्याच पाण्यात मावेल तेवढं बेसन, साधारण वाटीभर, आणि दोन चमचे तांदळाचं पीठ. वरून पाणी ओतायचा मोह आवरा, नाहीतर आत गिचका होतो. पाव वाटी तेल सढळ हातानं घाला, पसरट डब्यात थापा आणि त्याच कढईत पाऊण तास. श्रावणात ज्यांच्याकडे लसूण चालत नाही, त्यांनी हिंग वाढवा. गार झाल्यावर वड्या कापा. दुसऱ्या दिवशी त्या तव्यावर परतून डब्यात द्यायच्या. खरं तर त्यासाठीच मी जास्तीचं करते.

नानकटाईचं मात्र कढईत माझं कधी जमलं नाही. एका वेळी सहा मावतात, बाकीच्यांचं तूप तोवर पातळ होतं आणि त्या पसरतात. तूप थिजलेलंच हवं. लहानपणी आम्ही मैदा, साखर, तुपाचा डबा घेऊन बेकरीत जायचो. तिथले काका मजुरी घेऊन आमच्याच जिनसांची नानकटाई भट्टीत भाजून द्यायचे आणि परत येताना पत्र्याचा गरम डबा मांडीवर कुणी घ्यायचा, यावरून भांडणं व्हायची. तुमच्या गावात अशी बेकरी अजून असेल तर तिथेच जा.

आता पुन्हा धोंडसाकडे, कारण सासूबाई ऐकत असतील. दोन वाट्या तवशाचा कीस, पाण्यासकट. किसण्याआधी टोकाचा तुकडा खाऊन पाहा, कडू निघालं तर गूळही त्याला वाचवू शकत नाही. वाटीभर तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजा. कीस, वाटीभर गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं आणि मीठ एकत्र उकळा, त्यात रवा घालून घट्ट होईपर्यंत ढवळा. तळाला हळदीचं पान घातलं तर फारच छान. मग कढईत पाऊण तास. आणि गरम असताना कापू नका, भुगा होईल. रात्री करा, सकाळी कापा, वर लोण्याचा गोळा घ्या.

त्या वर्षी वाढदिवसाला मेणबत्त्या धोंडसावर लावल्या होत्या. केकची वीट झाली होती ना.

आणि हो, एक राहिलंच. कढईतलं ते मीठ गार झालं की वेगळ्या बरणीत भरा, पुढच्या वेळी चालतं. पण बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकदा ते आमटीत पडलं होतं, आणि चार माणसं जेवता जेवता एकमेकांना विचारत होती, काय जळतंय?

नमस्कार.