दान फाशाचं, खेळी आपली

मंडळी, सुरुवात एका निकालापासून करू. जुलै १९७९, मॉन्टे कार्लो. बॅकगॅमन, म्हणजे दोन फाशांवर सोंगट्या पुढे नेत पटाबाहेर काढायचा खेळ. त्याचा ताजा जगज्जेता लुइजी व्हिला संगणकाशी सामना खेळायला बसला आणि ७-१ असा हरला. हा प्रोग्रॅम कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या हान्स बर्लिनर यांचा होता, नाव ‘बीकेजी ९.८’. बर्लिनर यांनी नंतर सगळा सामना तपासला आणि कबूल केलं, की फासे प्रोग्रॅमला साथ देत होते, खेळ व्हिलाचाच सरस होता. जिथे निवडीला वाव होता अशा ७३ ठिकाणी प्रोग्रॅम ८ वेळा चुकला होता.

जिंकणाऱ्याचा खेळ कमी प्रतीचा होता, हे ठरवायचं कसं? पटावरच बघू. तुमच्या दोनच सोंगट्या उरल्यात, एक सहाव्या घरात, एक पाचव्या. दान पडलं ३-१. यानंतर एकच दान मिळणार, त्यात दोन्ही बाहेर काढायच्या. नवख्याचा हात एकेक फासा वाटून चार-तीन करण्याकडे जातो. दोन्ही सोंगट्या जवळ आल्यासारख्या वाटतात ना! चारही पावलं पाचव्या घरातल्या सोंगटीला दिली तर उरतात सहा-एक. सहाव्या घरातल्या सोंगटीला दिली तर पाच-दोन. तिन्हीकडे पावलं सातच. पण ३६ पैकी सोडवणारी दानं सहा-एकला १५, चार-तीनला १७ आणि पाच-दोनला १९.

मोजून बघा. सहा-एकला १-१ सोडून पाचही जोड (दोन्ही फाशांवर तोच आकडा, तो चारदा खेळता येतो) चालतात, शिवाय एका फाशावर ६ असलेली १० दानं. पाच-दोनलाही तेच पाच जोड. पण पाच किंवा सहाबरोबर दुसऱ्या फाशावर दोन किंवा जास्त आलं तरी भागतं. अशी १४ दानं.

म्हणजे सहा-एक ठेवणाऱ्याने ११ टक्के संधी घालवली, तीही फासे हातात घ्यायच्या आधी. पुढे ६-४ पडून तो जिंकला तरी ती चूक खात्यावर राहते. उलट पाच-दोन ठेवून हरलेल्याच्या खात्यात चूक शून्य. नशिबाचा हिशेब वेगळा ठेवायचा. ५३ टक्क्यांची संधी होती आणि दान लागलं, तर नशीब अधिक ४७. हुकलं तर उणे ५३. ‘एक्स्ट्रीम गॅमन’सारखे प्रोग्रॅम प्रत्येक दानाला हेच करतात.

आता डबलिंग क्यूब, म्हणजे डावाची किंमत दुप्पट करायचा ठोकळा. समोरच्याने दुप्पट नाकारली तर तो डाव हरतो, स्वीकारली तर डाव दुप्पट गुणांचा होतो. तेच पाच-दोन, शेवटचं दान टाकायची पाळी तुमची: जिंकवणारी दानं १९, हरवणारी १७, दुप्पट करायलाच हवी. सहा-एक असेल तर करू नये. समोरच्याने दुप्पट स्वीकारायची किमान संधी २५ टक्के. चार डाव सोडले तर ४ गुण जातात. चारही स्वीकारून एक जिंकला, तीन हरले, तरी उणे ४ च. पाच-दोनसमोर त्याच्याकडे ४७ टक्के आहेत, तेव्हा त्याने बिनदिक्कत स्वीकारावी. इथे लोक चुकतात ते गणितामुळे कमी, चिडून जास्त. मागची तीन दानं वाईट पडली म्हणून जिंकायची संधी १५ टक्के असताना दुप्पट स्वीकारणारे प्रत्येक स्पर्धेत भेटतात.

आणि छोट्या सामन्यात एवढं सगळं बरोबर करूनही हरता येतं. ७ गुणांच्या सामन्यात क्यूब चारवर गेला, की एका डावात निम्म्याहून जास्त सामना पणाला लागतो. त्यात गॅमन झाला (हरणाऱ्याची एकही सोंगटी बाहेर निघाली नाही, की गुण दुप्पट) तर आठ गुण, म्हणजे खेळ तिथेच आटोपला.