पेपर हातात घेऊन या

श्रोतेहो, नमस्कार.

हे दिवस कॉलेजातल्या पहिल्या इंटर्नलचे, म्हणजे अंतर्गत परीक्षेचे आहेत. पेपर तपासून झालेत, कुणाला वीसपैकी सतरा आहेत, कुणाला चार. मी आज त्या चारवाल्यांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलणार आहे. मी बेळगावात बरीच वर्षं कॉमर्स शिकवलं, तेव्हा उदाहरणही तिथलंच देतो.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, पाठांतरावर निघाली आणि बी.कॉम.च्या पहिल्याच इंटर्नलला अकौंट्समध्ये चार मार्क. मी त्याला पेपर घेऊन बोलावलं. गणित साधं होतं. 1 जुलैला 1,20,000 रुपयांचं मशीन घेतलं, हिशेब 31 मार्चला बंद, डेप्रिसिएशन, म्हणजे वापरानं उतरणारी किंमत, वर्षाला 10 टक्के. त्यानं 12,000 लिहिले होते. उत्तर 9,000 यायला हवं होतं.

मी विचारलं, "तुझ्या काकांनी टेम्पो घेतलाय ना? कधी घेतला?"

"दिवाळीत, सर."

"मग मार्चपर्यंत किती महिने झिजला?"

"पाच म्हैने की, सर!" म्हणाला आणि पुन्हा पेपराकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे हितं नऊ म्हैने धरायचं होतं."

त्याला घसारा, म्हणजे हीच झीज, लहानपणापासून ठाऊक होता. जुना टेम्पो विकायला काढला तर किती येतील, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण 'डेप्रिसिएशन' हा शब्द समोर आला की डोकं बंद व्हायचं आणि पाठ केलेली रीत तेवढी चालायची. वर्गात साठ मुलांसमोर "सर, याचा अर्थ काय?" असं विचारायची लाज. त्या चार मार्कांमागं एवढंच होतं. आमच्या सीमाभागात मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी मुलांचं असंच होतं, आणि चिकोडी-अथणीकडून कन्नड शाळेतून आलेल्यांचंही. कॉलेजात पाय ठेवला की दोघांपुढं एकच इंग्रजी पुस्तक.

हे मला कळायला उशीर झाला, तेही सांगतो. नवीन नोकरीत असताना असाच एक मुलगा पेपर घेऊन माझ्या टेबलाजवळ आला होता. मी मान वर न करता म्हणालो, "अभ्यास करत जा." तो परत आला नाही. पुढच्या सेमिस्टरला हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. आजही पेपर हातात घेतलेलं कुणी दारात दिसलं की मला तो आठवतो, आणि मी खुर्ची पुढं सरकवतो.

तर मुलांनो, पहिली गोष्ट. तुमच्या कॉलेजात तुमच्या नावापुढं एका प्राध्यापकाचं नाव मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक म्हणून लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था 1994 पासून आहे, मुख्यालय बेंगळूरुला. मागं पडणाऱ्या मुलांसाठी तुम्ही काय करता, किती मुलांमागं एक मेंटॉर आहे, हे ती कॉलेजला विचारते. म्हणून कागद तयार असतात. तुमचं नाव कुणाच्या यादीत आहे ते ऑफिसात जाऊन विचारा आणि त्या सरांना किंवा मॅडमना भेटा. जाताना तपासलेला पेपर न्या. "मला विषय जमत नाही" एवढं म्हणालात तर समोरच्याला धरायला काही सापडत नाही. "या प्रश्नात माझे मार्क कुठं गेले?" असं विचारलंत तर दहा मिनिटांत गाठ सापडते. आणि हे चौथ्या-पाचव्या आठवड्यात करा, हॉलतिकीट हातात आल्यावर नव्हे.

रेमेडियल क्लास, म्हणजे मागं पडलेल्या मुलांसाठीचा जादा तास, बऱ्याच कॉलेजांत असतो. त्याबद्दल मला आमच्याच प्राध्यापक मंडळींना दोन शब्द सांगायचे आहेत. त्याची यादी 'स्लो लर्नर' असं लिहून नोटीस बोर्डावर लावू नका. मुलगी स्वतःचं नाव तिथं वाचते आणि क्लासला येत नाही, मैत्रिणींना कळेल म्हणून. दुसरं, क्लास साडेचारनंतर ठेवू नका. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी बसमध्ये मुलींचं तिकीट सुटलं, पण गावाकडच्या बसची वेळ काही सुटली नाही. ती गाडी चुकली की पुढची अंधारात, आणि मग घरचे म्हणतात, उद्यापासून थांबू नको. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास मिळाला तरी पुरतो.

काही मुलांची अडचण वेगळी असते. तोंडी सगळं सांगतात, पण लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात, वाचायला दुप्पट वेळ लागतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अशा अध्ययन-अक्षमतेचाही समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ मागता येतो. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच धावपळ करा. आळशी म्हणून त्या लेकराला मारू नका.

युनिव्हर्सिटीच्या पेपरात अनपेक्षित मार्क पडले तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा माहिती अधिकारातला तुमचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2011 सालीच सांगितलंय. रिव्हॅल्युएशनची फी भरण्याआधी स्वतःची प्रत नीट वाचा. पीयूसीवाल्यांना तर वर्षात एकाहून जास्त परीक्षा असतात, एकीत राहिलं तरी वर्ष बुडत नाही.

आईवडिलांनो, मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, "आता काही उपयोग नाही" असं बोलत असेल, तर मार्कांचं नंतर बघा, आधी त्याच्याजवळ बसा. 14416 हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा मोफत नंबर आहे, रात्रीही लागतो. फोन तुम्हीही करू शकता. लिहून भिंतीवर लावा: एक, चार, चार, एक, सहा.

खानापूरचा तो मुलगा पुढं दर गुरुवारी सुट्टीत यायचा. मी त्याला एक वही करायला सांगितली, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी. महिन्याभरानं वही बघितली तर पानावर तिसरा रकाना आखलेला. चिकोडीची एक मुलगी त्याच्याबरोबर बसायला लागली होती, तिनं कन्नड शब्द भरले होते. पहिल्याच पानावर डेप्रिसिएशन, त्याच्यापुढं घसारा, आणि त्याच्यापुढं तिच्या गोल अक्षरात सवकळी.

नमस्कार.