डेक्कन कॉलेजची मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या १७ जून, गोपाळ गणेश आगरकरांचा स्मृतिदिन. पण सुरुवात मी माझ्या वर्गापासून करते.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक वर्गमित्र गेल्याची बातमी आली. तासाभरात जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ॐ शांती’. संध्याकाळी कुणी पावसाचा फोटो टाकला आणि ती बातमी वर सरकून गेली. परीक्षेच्या आदल्या रात्री हा मुलगा स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून होस्टेलभर सगळ्यांना गणित समजावत फिरायचा. ते कुणीच लिहिलं नाही. मीसुद्धा नाही. तेव्हापासून मनाला ते लागून राहिलं आहे, आणि म्हणूनच आज मला पुण्याच्या एका जुन्या कॉलेजातल्या मुलांबद्दल बोलायचं आहे.

येरवड्याकडचं डेक्कन कॉलेज. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे नदीपलीकडच्या दगडी इमारतीत गेली. तिथून शिकून बाहेर पडलेल्या तिघांची वयं मी तुम्हाला सांगते. विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. वामन शिवराम आपटे चौतीस. आगरकर अडतीस. आपण त्यांना फेट्या-पगडीतल्या तसबिरींतून ओळखतो, त्यामुळे ते म्हातारे होऊन गेले असं उगाच वाटत राहतं. आज ही मुलं आपल्या घरात असती तर आपण त्यांच्या लग्नाचं बघत असतो!

चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि ८४ अंक काढले. मधेच, १८७९ साली, सरकारी नोकरी सोडली. १८७९ च्या सुमारास टिळक वकिलीचा अभ्यास करत होते, आगरकर एम.ए.चा. दोघं कॉलेजमागच्या टेकड्यांवर फिरत रात्ररात्र बोलत, की शिकून सरकारी खुर्चीत बसायचं नाही, शाळा काढायची. त्याच वेळी चिपळूणकरांच्या मनातही शाळाच होती. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं, पुढच्या वर्षी केसरी आणि मराठा निघाले. आणि १७ मार्च १८८२ ला चिपळूणकर गेले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल या दोन पत्रांत छापून आलं, त्यावरून तिथल्या दिवाणांनी भरलेला अब्रुनुकसानीचा खटला तेव्हा चालू होता. ज्यांच्या भरवशावर हा डाव मांडला तेच उठून गेले, आणि काही महिन्यांतच टिळक-आगरकर मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात पोहोचले. तिथे त्यांनी १०१ दिवस काढले.

वामनराव आपट्यांबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं. सावंतवाडीकडचा हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि बुद्धीच्या जोरावर डेक्कन कॉलेजपर्यंत पोहोचला. संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने ‘आपट्यांचा कोश’ उघडलेला असतो. तो १८९० साली आला. तो सबंध कोश रचणारा माणूस तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्यही होता, पहिलाच प्राचार्य. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८९२ मध्ये, पदावर असतानाच ते गेले. माझ्याकडची प्रत पानं सुटत आलेली आहे. शब्द शोधताना अजूनही मनात येतं, की हे काम त्या वयात कुठल्या घाईने केलं असेल!

त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. टेंभू गावचा, कऱ्हाडजवळचा हा मुलगा. कॉलेजात अंगावरचा एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. आईला त्यांनी पत्रातून कळवलं होतं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार आहे. दमा तर जन्माला पुजलेला. पुढे टिळकांशी बिनसलं, १८८७ साली त्यांनी केसरी सोडला, आणि वर्षभराने ‘सुधारक’ काढला. त्या भांडणाबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी त्यात शिरत नाही. विधवांच्या आणि मुलींच्या बाजूने लिहिल्याबद्दल पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, तेवढं मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

या कॉलेजवरही एकदा मरणाची वेळ आली होती. १९३४ साली सरकारने ते बंद केलं. तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, आणि १७ ऑगस्ट १९३९ ला त्याच आवारात संशोधन संस्था म्हणून दारं पुन्हा उघडली. आज तिथे संस्कृतचा प्रचंड ऐतिहासिक कोश तयार होतो आहे, स्वर ‘अ’पासून एकेक शब्द घेत. आपट्यांच्याच कॉलेजात, श्रोतेहो! टिळकांची खोलीही तिथे जपून ठेवली आहे.

आता पुन्हा १७ जून १८९५. आगरकर गेले तेव्हा उशाशी एक पुडी सापडली, असं चरित्रकार सांगतात. आत थोडे पैसे, आणि वर लिहिलेलं, की हे माझ्या प्रेतदहनासाठी. प्राचार्य असलेल्या माणसाने आपल्या सरणाचा भार दुसऱ्या कुणावर पडू नये, याचीही तजवीज करून ठेवली होती.

केसरीत मृत्युलेख कुणी लिहायचा? तो टिळकांनी लिहिला. मधल्या आठ वर्षांत दोघांनी एकमेकांवर काय काय छापलं होतं, ते सगळ्या पुण्याने वाचलेलं होतं. तरी लेखणी त्यांनीच उचलली. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, टिळकांचा २३ जुलैचा. आपल्यापेक्षा नऊ दिवसांनी मोठा असलेला कॉलेजातला मित्र गेला होता, आणि त्याच्याबद्दल त्यांना लिहायचं होतं.

नमस्कार.