बोलंल की, घाई काय?

(सातारा एसटी स्टँड, सकाळ. पाटणहून आलेल्या गाडीतून कडेवर लेकरू घेतलेली बाई उतरते.)

"ह्याचा बापबी चार वर्सांनी बोलला हुता. बोलंल की, घाई काय?"

माण-खटावपासून कोयनेच्या खोऱ्यापर्यंत, बहिऱ्या मुलाच्या आईला ही समजूत आधी घरातच घातली जाते. मग जिभेला वेखंड, देवाला कौल. कुणी पाठीमागं थाळी बडवतं, हादऱ्यानं पोर वळून बघतं आणि घरादाराला हायसं वाटतं. यात दोन वर्षं जातात. भाषा रुजायची वर्षं नेमकी तीच.

तज्ज्ञांचा हिशेब एक-तीन-सहाचा आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघणारी बेरा चाचणी तर झोपलेल्या बाळावरच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. मूल हाकेला वळत नाही, हे आईनं त्यांना स्वतःहून सांगावं. हसतं-खेळतं पोर बहिरं असेल, अशी शंका घाईच्या तपासणीत सहसा येत नाही.

निदान झालं की बोटं आईकडे वळतात. ग्रहणात भाजी चिरली असशील! ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही. नात्यातल्या लग्नाचा असू शकतो. पण मामाच्या घरी सोयरीक करायचं ठरलं, तेव्हा तिला विचारलं होतं कुणी?

(वाशीचा बाजार. पाठीवर गोणी घेतलेले माथाडी.)

जावळी-पाटणचे कितीतरी बाप इथं ओझी उचलतात. वांद्रे रेक्लमेशनला बहिरेपणावर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 सालची. श्रवणयंत्रं आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र, यांच्यासाठी केंद्राची एडिप योजना आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाला इम्प्लांट हवं, तर वयाची अट 5 वर्षांची. चौकशीला, नंबर लावायला मुंबईत घरचं माणूस असणं इथं कामी येतं.

मात्र शस्त्रक्रियेनं काम संपत नाही. ऐकायला, बोलायला शिकवण्यात पुढं वर्षं जातात. श्रवणयंत्राचा कानातला साचा मूल वाढलं की सैल होतो, शिट्टी मारतो, बदलावा लागतो. वॉरंटी संपल्यावर सुट्या भागांचा खर्च कसा भागवायचा, हे ज्या पालकांनी भोगलंय तेच नीट सांगतात. म्हणून थेरपीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आईचा फोन नंबर आधी घ्यावा.

"खुणा शिकवल्या तर बोलायचा आळस करंल." ही भीती आम्हाला सगळ्यात महागाची वाटते. खुणांनी बोलणं अडत नाही. भाषेविना ठेवलं तर मूल अडतं. भारतीय सांकेतिक भाषेचा 10,000 शब्दांचा कोश नेटवर फुकट आहे. वाशीतल्या बापाला व्हिडिओ कॉलवर लेकाशी गप्पा मारायला तो आज संध्याकाळीही उपयोगी पडेल.

(शाळेचं कार्यालय.)

"आमच्याकडं सोय नाही, मुलाला दुसरीकडं बघा." तोंडी मिळालेलं हे उत्तर तोंडीच मान्य करू नका. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत शिक्षण मोफत आहे. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, फाईलला लावा. तरीही दाद लागली नाही, तर त्याच फाईलच्या झेरॉक्स जोडून तक्रार पुण्याला, दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते.