कधीच न भरलेलं मंडळ

मंडळ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सतरंजी, इतिवृत्ताची वही आणि मध्येच कुठेतरी चहा. आज मी ज्या मंडळाबद्दल बोलणार आहे, त्याची सभा १७८९ पासून आजतागायत एकदाही भरलेली नाही. तरी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तेच निवडतं. ते म्हणजे निर्वाचक मंडळ, इंग्रजीत ‘इलेक्टोरल कॉलेज’. गंमत म्हणजे अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत मंडळ हा शब्दच नाही. तिथे आहेत नुसते निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारी माणसं, आणि त्यांनी ‘आपापल्या राज्यात’ जमावं असं लिहिलंय. माझं सगळं व्याख्यान या ‘आपापल्या’वर उभं आहे, म्हणून तो शब्द तेवढा धरून ठेवा.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्या मंडळींना राष्ट्राध्यक्ष निवडायचा कसा, हे शेवटपर्यंत सुटत नव्हतं. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं निवडला, तर तो काँग्रेसच्या मुठीत राहणार. लोकांनी थेट निवडावा, असं पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन म्हणत होते. व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसन यांनाही ते पटत होतं, पण अडचण त्यांनीच बोलून दाखवली. दक्षिणेत गुलामांना मत नव्हतं, म्हणजे थेट मतदानात दक्षिणेचं वजन घटणार. निर्वाचकांची तोड काढली, तेव्हा प्रत्येक राज्याला त्याचे दोन्ही सभागृहांतले सदस्य मिळून जितके, तितके निर्वाचक ठरले. प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जात होती. ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जास्तीचे निर्वाचक मिळाले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची कथा उगाच सोज्वळ वाटायची.

आपल्या राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात. तिथे नेमकं उलट. काँग्रेसचा सदस्य किंवा केंद्र सरकारचा लाभाचा पदाधिकारी निर्वाचक होऊच शकत नाही. भीती होती ती, ज्याला आपण घोडेबाजार म्हणतो, त्याची. म्हणून सगळ्या राज्यांत मतदानाचा दिवस एकच ठेवला आणि गावं वेगवेगळी. बातमी घोड्याच्या पाठीवरून जाणार, तर घोडेबाजारही घोड्याच्या वेगापेक्षा जोरात चालायचा नाही, असा तो हिशेब.

आता पहिली निवडणूक बघा. दिवस ४ फेब्रुवारी १७८९, बुधवार. राज्यं तेरा, पण मतदान झालं दहांत. नॉर्थ कॅरोलायना आणि र्‍होड आयलंड यांनी घटनाच मान्य केलेली नव्हती. न्यूयॉर्कनं केलेली होती, पण निर्वाचक नेमायचे कसे यावर तिथल्या विधिमंडळाची दोन सभागृहं भांडत बसली आणि आठ मतं बुडाली. पुढे वॉशिंग्टन यांचा शपथविधी झाला तो याच न्यूयॉर्क शहरात! निर्वाचक कसे नेमायचे हे ज्या त्या राज्यावर सोडलेलं, त्यामुळे कुठे लोकांनी मतं दिली, कुठे विधिमंडळानं परस्पर नावं ठरवली. साउथ कॅरोलायनात तर १८६० पर्यंत विधिमंडळच ठरवत राहिलं. या दहा राज्यांच्या वाट्याला निर्वाचक आले ७३, पण व्हर्जिनियात एकाची निवडच झाली नाही, आणि मेरीलँडचे दोन व व्हर्जिनियाचा एक मतदानाला आलेच नाहीत. उरले ६९.

प्रत्येकानं दोन नावं लिहायची, त्यातला निदान एक परराज्यातला हवा. राष्ट्राध्यक्षाचं मत कुठलं आणि उपराष्ट्राध्यक्षाचं कुठलं, असा भेद नाही. सर्वांत जास्त मतं ज्याला, आणि ती निर्वाचकांच्या निम्म्याहून अधिक, तो राष्ट्राध्यक्ष. त्याच्या खालचा उपराष्ट्राध्यक्ष. आपल्या राज्याचा माणूस तर सगळेच लिहिणार, मग दुसरं नाव तरी देशभर माहीत असलेल्याचं पडावं, ही कल्पना. कागदावर सुंदर होती. पण मतं एकाच प्रकारची असली की दोघांची बरोबरी होऊ शकते, हे अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पहिल्याच वेळी लक्षात आलं. वॉशिंग्टन आणि जॉन अ‍ॅडम्स बरोबरीत यायला नकोत, म्हणून त्यांनी आधीच पत्रं धाडली, निरोप पाठवले. कनेक्टिकटच्या सातांपैकी दोघांनी अ‍ॅडम्सना वगळलं, न्यू जर्सीच्या सहांपैकी पाचांनी. जॉर्जियाच्या पाच जणांनी आपली दुसरी मतं चार वेगवेगळ्या माणसांना वाटली, त्यांतले तीन त्यांच्याच राज्यातले. वॉशिंग्टन यांना ६९ पैकी ६९. अ‍ॅडम्सना ३४, आणि तो आकडा त्यांना चांगलाच झोंबला.

म्हणजे निर्वाचकांना एकमेकांपासून तोडून ठेवलं, पण त्या दिवसाच्या आधी टपाल होतंच की!

ही मतं मग लखोट्यात बंद झाली आणि दोन महिने तशीच राहिली. नवी काँग्रेस ४ मार्चला न्यूयॉर्कमध्ये भरायची होती, पण गणपूर्ती होईना. सदस्य चिखलातून, बर्फातून येत होते. ६ एप्रिलला सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, गणपूर्ती झाली. लखोटे फोडायचे सिनेटच्या अध्यक्षानं, म्हणजे उपराष्ट्राध्यक्षानं. आणि तो कोण, हे त्या लखोट्यांतच! मग जॉन लँगडन यांना तेवढ्या कामापुरतं अध्यक्ष केलं. काँग्रेसचे जुने चिटणीस चार्ल्स थॉमसन निरोप घेऊन वॉशिंग्टन यांच्या घरी, माउंट व्हर्ननला, १४ एप्रिलला पोचले. शपथ झाली ३० एप्रिलला.

या गोंधळातून शहाणे होऊन १७९२ च्या मार्चमध्ये काँग्रेसनं कायदा केला, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतो तो हा कायदा. निर्वाचकांनी डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी जमावं. मतांची यादी तीन प्रतींत करावी, तिन्हींवर सह्या, तिन्हींना मोहोर. एक प्रत स्वतः नेमलेल्या माणसाच्या हाती राजधानीला, दुसरी टपालानं, तिसरी जिल्ह्याच्या केंद्रीय न्यायाधीशाकडे ठेवायला. जानेवारीच्या पहिल्या बुधवारपर्यंत पहिल्या दोन्ही पोचल्या नाहीत, तर परराष्ट्रमंत्र्यानं खास माणूस धाडून न्यायाधीशाकडची प्रत आणवायची. निरोप्याला नेहमीच्या रस्त्यानं मैलाला २५ सेंट; कामात कुचराई केली तर १००० डॉलर दंड. नदीला पूर येईल, घोडा लंगडेल, माणूस खाणावळीत पडून राहील, हे सगळं धरून केलेला कायदा आहे. आपल्याकडे २०२२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत राज्यांतल्या मतपेट्या दिल्लीला विमानानं गेल्या, तेव्हा पेटीसाठी ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावानं वेगळं तिकीट काढलं होतं. जातकुळी तीच.

पण रस्ता पक्का करून भागलं नाही, कारण तोवर पक्ष उभे राहिले होते. १७९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात सॅम्युअल माइल्स फेडरलिस्ट या अ‍ॅडम्स यांच्या पक्षाच्या यादीतून निर्वाचक म्हणून निवडून आले आणि त्यांनी मत दिलं विरोधी पक्षाच्या टॉमस जेफरसनना. एका चिडलेल्या मतदारानं वर्तमानपत्रात लिहिलं, त्याचा आशय असा: माइल्सला मी विचार करायला निवडलं का? सांगितलेलं करायला निवडलं! घटना लिहिणाऱ्यांना विवेकी माणूस हवा होता, या मतदाराला निरोप्या हवा होता. माझ्या मते मतदाराचं चुकलं नाही. यादीवर पक्ष छापलेला नसता तर माइल्सना विचारलं कुणी असतं?

त्याच निवडणुकीत अ‍ॅडम्सचाच जोडीदार टॉमस पिंकनी त्यांच्या पुढे जाईल, या धास्तीनं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या, १८ निर्वाचकांनी पिंकनींना वगळलं. झालं काय? अ‍ॅडम्स ७१, जेफरसन ६८, पिंकनी ५९. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, उपराष्ट्राध्यक्ष विरोधी पक्षाचा.

१८०० मध्ये याच्या उलट पेच पडला. जेफरसन यांच्या बाजूच्या सगळ्यांनी इमानदारीनं जेफरसन आणि एरन बर ही दोन्ही नावं लिहिली. कुणीतरी एकानं बर यांचं नाव गाळायला हवं होतं, पण तो एक कोण, हे वेगवेगळ्या गावांत बसलेली माणसं ठरवणार कशी? दोघांना ७३-७३. फेडरलिस्टांनी मात्र र्‍होड आयलंडमध्ये एक मत जॉन जे यांना देऊन अ‍ॅडम्स ६५, पिंकनी ६४ असा हिशेब नीट बसवला होता. ते हरले, तो भाग वेगळा. या वेळचे पिंकनी म्हणजे टॉमसचे भाऊ चार्ल्स. घोडेबाजाराच्या भीतीनं केलेली रचना अडली ती अति आज्ञाधारकपणामुळे!

११ फेब्रुवारी १८०१ ला लखोटे फोडायला सिनेटच्या अध्यक्षपदी होते स्वतः जेफरसन. जॉर्जियाचा कागद नियमात बसत नव्हता. तिथली ४ मतं गेली असती, तर दोघेही ६९ वर आले असते आणि बहुमताला लागत होती ७०. जेफरसन यांनी ती मोजली आणि पुढचा लखोटा उचलला. बरोबरी प्रतिनिधीगृहात गेली, तिथे राज्यागणिक एक मत, सोळापैकी नऊ हवीत. आजारी असलेल्या जोसेफ निकल्सन यांना बर्फातून बिछान्यासकट आणलं, कारण ते नसते तर मेरीलँडचं मत बर यांच्याकडे झुकलं असतं. १७ तारखेला छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आले. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीनं दोन पदांची मतं वेगळी केली. बाकी सगळं, एकच दिवस, आपापलं गाव आणि मोहोर, तसंच राहिलं.

शेवटी एक गोष्ट, कारण ती नेहमी चुकीची सांगितली जाते. १८२० मध्ये जेम्स मन्रो यांना २३१ मतं पडली आणि विरोधात फक्त एक, न्यू हॅम्पशरचे विल्यम प्लूमर यांचं. एकमतानं निवडून येण्याचा मान एकट्या वॉशिंग्टन यांचाच राहावा म्हणून प्लूमर यांनी असं केलं, असं लोक सांगतात. पण त्या दिवशी इतर राज्यांत जमलेल्या निर्वाचकांनी काय लिहिलं, हे न्यू हॅम्पशरमध्ये बसून त्यांना कळणार कसं? आपण एकटेच पडलोय, याची बातमी त्यांना मागाहून मिळाली. शिवाय उपराष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांनी पक्षाच्या डॅनियल टॉमकिन्सना सोडून रिचर्ड रश यांना मत दिलं, आणि तिथे वॉशिंग्टन यांच्या मानाचा प्रश्नच नव्हता. त्यांना मन्रो पसंत नव्हते, टॉमकिन्सही नव्हते, म्हणून त्यांनी दुसरी नावं लिहिली.