आजीला पगार किती होता?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी, आणि आमच्या ख्रिस्ती घरच्या सवयीने सलाम.

अध्यक्षांनी मला विषय दिला होता 'माझं ठाणे'. म्हणजे तलावपाळी, मामलेदारची मिसळ, गडकरीला मध्यंतरातला वडा, आणि डोंबिवलीकरांना दोन टोमणे. ते सगळं मी लिहूनही आणलंय, खिशात आहे. पण गेले काही आठवडे डोक्यात दुसरंच चाललंय, तेच बोलतो, डोंबिवलीकर आज वाचले.

माझी आई गेली हे तुम्हाला ग्रुपवर कळलंच. नव्वदी पार केली होती, सगळं झालं होतं, तशी तक्रार नाही. पण त्यानंतर एकदा जेवताना माझी मुलगी मला विचारते, "बाबा, आजीला पगार किती होता?" मी म्हटलं, अगं पगार आजोबांना, ते चर्चचे पाळक होते. तर म्हणते, "ते माहितीये. पण काम तर सगळं आजी करायची असं तूच सांगतोस ना?" बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्न झालेल्या पुरुषांना ते बघणं माहीत आहे.

आता काम म्हणजे काय, तर सकाळी दार उघडलं की कुणीतरी पायरीवर बसलेलंच असायचं. कुणाला पत्र वाचून हवं, कुणाची सून माहेरी निघून गेलेली, कुणाला नुसता चहा. बाबा आत उपदेश लिहीत, आणि उपदेश लिहिताना त्यांना आवाज चालायचा नाही, म्हणजे लोक आईच्याच वाट्याला. रविवारी आधी संडे स्कूल, मग उपासनेत पेटी आईच वाजवणार कारण वाजवणारा उशिरा येणार, दुपारी महिला संघ, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. हंगामाच्या सणाला लोक चर्चला धान्य-भाजी वाहतात, त्याच्या लिलावात कुणीच न घेतलेला भोपळा शेवटी आम्हीच घ्यायचो, आठवडाभर भोपळा. नाताळचा फराळ करायला चर्चमधल्या बायका आमच्याकडे जमायच्या, करंज्या शेकड्याने, आणि पहिला डबा शेजारच्या जोशीकाकूंकडे, कारण दिवाळीचा त्यांचा पहिला डबा आमच्याकडे आलेला असायचा.

बदल्या तर विचारू नका. नगर, सोलापूर, मग ठाणे. 1970 ला नागपुरात सहा चर्चं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बाबांच्या लेटरहेडपासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळं बदललं. आई म्हणायची, माझं काहीच बदललं नाही, माझी पाटीच नव्हती.

आमच्यात पाळकीणबाई म्हटलं की आधी लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं त्या भांडल्या, लांब राहिल्या, परत आल्या, आणि मग स्वतः ठरवून घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत नाही गेली ती, हे आई फार ठासून सांगायची. बालकवी नगरला टिळकांकडे राहिले होते. आपण सगळ्यांनी शाळेत बालकवी पाठ केले, पण त्या घरात त्यांना वाढत कोण होतं हे आपल्याला कुठल्या बाईंनी विचारलं? टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं महाकाव्य लिहायला घेतलं, 10 अध्याय झाले, 1919 ला ते गेले. पुढचे 64 लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने. आई हा हिशोब अगदी वाण्यासारखा मांडायची, 10 आणि 64, आणि बाबा तेवढ्यात पेपर उघडायचे.

आईने काही काव्य लिहिलं नाही. तिची एक वही होती, वाण्याच्या बिलांची असेल असं मला वाटायचं, ती आता माझ्या बहिणीला सापडली आणि तिने फोटो पाठवले. घरभेटींची वही आहे. घराचं नाव आणि पुढे एक-दोन शब्द. 'साखर वाढली.' 'मुलीचं जमत नाही, विषय काढू नये.' 'भाऊ बोलत नाहीत.' आणि एका घरापुढे, 'पितो. बोलायचं नाही, नुसतं जायचं.' त्याच घराचं नाव पानापानावर येतं, मधे काही वर्षं जातात, शाई बदलते, तरी येतं. मी फोन खाली ठेवला आणि गाडी धुवायला गेलो, थंडीत.

बाबा रिटायर झाले तसं चर्चचं क्वार्टर सोडावं लागलं, ते नियमच असतात. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं लावून दिलेल्या बाईला स्वतःचं घर मिळालं ते कळव्याला, वन रूम किचन, पाणी सकाळी एक तास. तिथेही दोन महिन्यांत पायरीवर माणसं. मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर." बरोबर आहे तिचं, पण आईला हे म्हटलं असतं तर आईने मलाच झापलं असतं की तुला कुणी वकील केलं?

आता थोडं आपलं. रागवू नका, किंवा रागवा, जेवण झाल्यावर. आज आत किचनमध्ये कोण आहे बघून या. कमिटीत नावं कुणाची आहेत ते वेबसाइटवर बघा. आभारप्रदर्शनात "सर्व भगिनींचे" एवढं एक वाक्य येतं, ते मीच वाचतो दरवर्षी. आणि दुसरं म्हणजे, आपल्यातले एक काका हॉस्पिटलमध्ये होते, ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली, काकू नंतर म्हणाल्या, वॉर्डात मात्र नर्सशिवाय कुणी मराठी सोडा, कुणीच नव्हतं. इथे आईवडील सहा-सहा महिने व्हिजिटर व्हिसावर येतात आणि बेसमेंटमध्ये मालिका बघत बसतात, त्यांच्या दारात आपण कितीदा जातो?

ठाण्यातलंही सांगतो. तिथले आताचे पाळक तरुण आहेत, त्यांची बायको ऐरोलीला आयटीत आहे, रविवारी चर्चला येते आणि दुपारी लॅपटॉप उघडते. जुन्या बायका कुरकुरतात, पाळकीणबाई घरी येत नाहीत. मला ती मुलगी शंभर टक्के पटते. तिचा स्वतःचा पगार आहे, स्वतःचं नाव आहे, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, रिटायरमेंटला क्वार्टर सोडायची भीती नाही. माझी मुलगी मोठी होऊन असंच जगावी असं मला वाटतं, आईसारखं नको. आईच्या प्रार्थनासभेनंतर फोनवर मी त्या पाळकांच्या बायकोला विचारलं, आता घरभेटी कशा करता? म्हणाली, "दादा, ग्रुप केलाय, ज्यांना भेट हवी त्यांनी मेसेज टाकायचा, आम्ही वेळ देतो." चांगली सोय आहे, खरंच चांगली आहे.

फक्त वहीतलं ते 'पितो' लिहिलेलं घर, ते मेसेज टाकणार नाही. त्यांच्याकडे कोण जाईल, कुणी का जावं, पगार देऊन जाईल का कुणी, मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.